कादंबरीत मेलेली बाई

बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यात शेवटी, जुन्या टायरांच्या ढिगामागे, सीटा शिवायची खोली होती. त्या खोलीत पंचवीसेक वर्षं एकच बाई काम करत होती. तिला सगळे दाभणबाई म्हणत. रेक्झिनच्या सरळ शिवणी मशीनवर होतात, पण सीटच्या कोपऱ्यांत मशीनचं काही चालत नाही. तिथे दाभणच लागतं, आणि ते जाड रेक्झिनमधून आरपार काढायला मनगट लागतं. दाभणबाईला ते होतं. मेकॅनिक लोक तर म्हणत, की बाईच्या हातात एक दाभण आहे आणि तोंडात दुसरं. एखादा ड्रायव्हर कुरकुरत आला, "बाई, तुमची नवी सीट टोचते हो," की ती मान वर न करता म्हणे, "सीट नाही टोचत. मागच्या खिशात पाना विसरलाय तो काढा."

तिला एकच व्यसन होतं, कादंबऱ्यांचं. जेवणाच्या सुट्टीत ती बायकांच्या विश्रांतीच्या खोलीत जाई. तिथे लेडी कंडक्टरांमध्ये कादंबऱ्या हातोहात फिरत. सगळ्या एकाच जातकुळीच्या. कुणाचं तरी प्रेम जमतं, कुणीतरी अवेळी जातं, मग हाल, मग कुणाचं तरी दडवलेलं जुनं काहीतरी बाहेर येतं. बाकीच्या वाचता वाचता डोळे पुसत. दाभणबाई मात्र भांडायची. "अगं भवाने, दार उघड ना! तो जातोय बघ परत!" असं ती पुस्तकाला मोठ्यानं सांगायची आणि घास हातातच राहायचा.

एका दुपारी घंटीनं तिच्यासमोर एक जाड कादंबरी टाकली. घंटी म्हणजे सगळ्यात तरुण कंडक्टर. प्रत्येक थांब्यावर दोरी इतकी जोरात ओढायची की प्रवासी दचकत, म्हणून हे नाव. "मावशी, ही वाच," ती म्हणाली. "मी काल रडून रडून उशी भिजवली. आता तू न रडता दाखव."

दाभणबाईनं जेवता जेवता वाचायला घेतली. बिस्किटांच्या कारखान्यात पुडे बांधणारी एक मुलगी. तिचं एका वायरमनवर प्रेम. लग्न ठरलेलं. एका वादळात तो तार जोडायला खांबावर चढतो आणि उतरत नाही. मुलीला दिवस गेलेले. घरचे तिला दूर आत्याकडे धाडतात.

इथवर आल्यावर दाभणबाईनं मागची दोन पानं पुन्हा वाचली. बिस्किटांचे कारखाने पुष्कळ असतात, वायरमनही खांबावरून पडतात, असं तिनं स्वतःला समजावलं. मग पान उलटलं. आत्याच्या घरी ती बाळंत झाली, मुलगी झाली, आणि तिनं तिचं नाव ठेवलं ठकी.

तिनं पुस्तक मिटलं. पाणी प्यायली. उठून आपल्या खोलीत गेली आणि अर्धी राहिलेली सीट शिवायला घेतली. धागा इतक्या जोरात ओढला की तुटला. दुसरा ओवला, तोही तुटला.

ठकीचं नाव या जगात तीन माणसांना ठाऊक होतं. आत्या वारली होती. आई वारली होती. उरली ती स्वतः. आईनं तर ते नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाही अशी शपथ घालूनच तिचं लग्न एका बस ड्रायव्हरशी लावून दिलं होतं. मुलाकडच्यांना काही सांगितलं नव्हतं. पुढे एक मुलगी झाली, ती शिकली, बँकेत लागली, तिचं लग्न झालं. दाभणबाईनं शपथ पाळली होती. फक्त एकदा मोडली होती.

तीन वर्षांपूर्वी पित्ताशयाच्या खड्यांसाठी तिचं ऑपरेशन झालं होतं. आदल्या दुपारी ती खाटेवर पडल्या पडल्या छताकडे बघत होती आणि एकाएकी तिच्या मनात आलं. उद्या आपण उठलोच नाही, तर ठकी नावाचं पोर होतं हे सांगायलाही कुणी राहणार नाही. शेजारच्या खाटेवर पाय प्लास्टरमध्ये घातलेली एक बाई होती. शांत, चष्मा लावलेली, कुठेतरी शिकवत असावी. दाभणबाईनं तिच्याकडे तोंड वळवलं आणि सगळं सांगून टाकलं. कारखाना, वायरमन, आत्या, ठकी. ठकी आठ महिन्यांची होऊन छातीत कफ भरून गेली, तेही सांगितलं. आपण औषध आणायला गेलो होतो आणि परत आलो तेव्हा आत्या दारातच उभी होती, तेही. ती बाई मधे एकदाही बोलली नाही. फक्त शेवटी हात लांब करून तिनं दाभणबाईचा हात धरला होता. दाभणबाईला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

आता कळलं, त्या बाईचा दुसरा हात काय करत होता.

पुढच्या चार-पाच दुपारी तिनं कादंबरी पुरी केली. कादंबरीत ठकी मरत नव्हती. आत्या तिला एका निपुत्रिक मास्तर-मास्तरणीला देते. ठकी शाळेत जाते, पडत झडत सायकल शिकते, वेण्यांना लाल रिबिनी बांधते, गणितात नापास होते. मोठी झाल्यावर तिला खरं कळतं आणि ती जन्मदात्या आईला शोधत येते. आई तोवर दुसऱ्या घरात नांदत असते. सगळं उघडं पडतं. आणि शेवटच्या पानावर ती आई पहाटे उठते, चपला काठावर काढून ठेवते आणि नदीत चालत जाते.

दाभणबाईनं शेवटचं पान दोनदा वाचलं. मग म्हणाली, "मेली?"

घंटी नाक पुसत म्हणाली, "हो ना गं. बिचारी."

"का मेली?"

"म्हणजे काय? सगळं बाहेर आल्यावर…"

"बाहेर आलं तर आलं! नदीत जायला काय झालं?" दाभणबाईचा आवाज असा चढला की बाहेरून मेकॅनिकनं आत डोकावून पाहिलं. घंटी म्हणाली, "मावशी, गोष्ट आहे गं." 

त्या रविवारी लेक माहेरी आली. दोघी स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. बाहेरच्या खोलीत नवरा टीव्ही बघत होता. तो निवृत्त झाला होता, पण टीव्हीत गाडी दिसली की अजून त्याचा उजवा पाय दाबला जाई. लेकीनं पिशवीतून तीच कादंबरी काढली. "आई, ही तू वाचायलाच हवीस. आमच्याकडे सासूबाईंनी दोनदा वाचली. दोन्ही वेळा रडल्या."

"वाचली मी. शेवट चुकलाय."

"काहीतरीच. शेवट तर किती सुंदर आहे!"

"तिनं मरायला नको होतं."

"नाहीतरी जगून करणार काय होती?" लेक शेंग फोडत सहज म्हणाली. "कुठल्या तोंडानं नवऱ्यासमोर उभी राहिली असती? मुलीसमोर?"

दाभणबाईनं हातातली शेंग ताटात टाकली. लेकीकडे बघत राहिली. हे तोंड आपण भरवलं, हे केस आपण विंचरले, आणि ही सांगते आहे की आपण नदीत जायला हवं होतं. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. आला तो संताप, आणि त्या संतापात एक प्रकारची मोकळीकही होती. ती बाहेरच्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "अहो, टीव्ही बंद करा आणि इकडे या. मी दोनदा सांगणार नाही."

नवरा आला. दारात उभा राहिला.

"ही जी पुस्तकातली बाई आहे ना," ती म्हणाली, "ती मी आहे. वायरमन खरा. आत्याकडे गेले ते खरं. ठकी खरी. फक्त ती जगली नाही आणि मी मेले नाही. तेवढं त्या बाईनं उलटं केलंय."

लेक आधी हसली. मग आईचं तोंड बघून तिचं हसू थांबलं. नवऱ्यानं एकच विचारलं, "कधी?"

"तुमच्या आधी."

तो वळला, खुंटीवरचा शर्ट अंगात घातला आणि बाहेर गेला. लेक पांढरीफटक पडली होती. "आई, कुणाला सांगितलंस का? डेपोत? सांगू नकोस. ही नुसती कादंबरी आहे, कुणाला काही कळणार नाही. सासूबाईंच्या कानावर गेलं ना तर…"

"त्या रडल्या ना दोनदा?"

"अगं, ते पुस्तकातल्या बाईसाठी!"

"मग त्यांना सांग, जिच्यासाठी रडलात ती मटार सोलतेय. डोळे पुसा म्हणावं."

लेक तणतणत गेली. नवरा जेवायच्या वेळेला परत आला, पण बोलला नाही. पुढे कितीतरी दिवस तो भिंतीशीच बोलायचा. "आमटीत मीठ नाही, असं कुणीतरी सांगा त्यांना." दाभणबाईही भिंतीलाच उत्तर द्यायची, "डबा समोरच आहे, असं सांगा." एकदा त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "दिसायला कसा होता?"

"तुमच्यापेक्षा उंच."

"हं." त्यानं उरलेला चहा संपवला. "मला आधी कळलं असतं तर मी लग्न केलं नसतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

 नवरा रागीट नव्हता, पण मनातलं पटकन बोलणाराही नव्हता. शेवटी म्हणाला, "खरं बोललीस निदान," आणि पेपर उघडला. त्यानंतर भिंतीला सुट्टी मिळाली. सगळं मिटलं असं नाही. पण तो मीठ स्वतः मागायला लागला.

त्याच सुमारास शहरातल्या वाचनालयात त्या लेखिकेचं भाषण ठरलं. डेपोच्या फाटकासमोरच फलक लागला, फोटोसकट. तोच चष्मा. घंटी उड्या मारत आली, "मावशी, आपण सगळ्या जायचं!" दाभणबाई म्हणाली, "जायचंच आहे." त्या संध्याकाळी घरी जाताना घंटीच्याच बसमध्ये तिनं तिला सगळं सांगितलं. घंटी पुढचे तीन थांबे दोरी ओढायचं विसरली आणि ड्रायव्हर मागे वळून ओरडला तेव्हा भानावर आली.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत विहीणबाई बसल्या होत्या, लेकीची सासू, मांडीवर कादंबरी आणि त्यावर घडी केलेला रुमाल. त्यांच्या शेजारी लेक. आईला दारातून येताना पाहून लेकीनं नुसती मान हलवली, नको म्हणून. दाभणबाईनं पाहिलं आणि मधल्या रांगेत जाऊन बसली.

लेखिका छान बोलली. दुःखाबद्दल बोलली, बायकांच्या मुक्या आयुष्यांबद्दल बोलली. एक स्त्री आपल्याला एकदा भेटली होती आणि तिच्या डोळ्यांतून ही कथा सुचली, असंही म्हणाली. "डोळ्यांतून?" दाभणबाई पुटपुटली. "चांगलं तासभर तोंडानं सांगितलं होतं."

प्रश्नांची वेळ आली. दोघा-तिघांनी विचारलं, प्रेरणा काय वगैरे. मग दाभणबाई उभी राहिली. कुणीतरी माईक आणायला धावलं, तिनं हातानंच नको म्हटलं. ज्या बाईनं जन्मभर कॉम्प्रेसरच्या वर आवाज काढला, तिला माईक कशाला?

लेखिकेनं तिला पाहिलं आणि ओळखलं. पाण्याचा ग्लास उचलायला गेलेला तिचा हात तसाच टेबलावर राहिला.

"बाई, प्रश्न जरा थोडक्यात," वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले.

"थोडक्यातच आहे. मला का मारलंत?"

लोक हसले. कुणाला वाटलं, गंमत करते आहे. दाभणबाई हसत नाही हे पाहून हसणं विरलं.

"हॉस्पिटलमध्ये तुमच्या शेजारच्या खाटेवर मी होते," ती म्हणाली. "ही गोष्ट माझी. पोर माझं. माझं पोर आठ महिन्यांचं होऊन गेलं, त्याला तुम्ही जगवलंत. आणि मी इथे उभी आहे धडधडीत, तर मला नदीत ढकललंत. असं का?"

 अध्यक्ष उठायला लागले, तर लेखिकेनं त्यांना हातानं खाली बसवलं. तिचा आवाज बदलला होता, भाषणाचा राहिला नव्हता. "मला वाटलं, तुम्ही वाचणार नाही," ती म्हणाली. मग आपण काय बोलून गेलो ते तिच्या लक्षात आलं. "आणि खरं सांगू? ती पुढे कशी जगेल ते मला सुचेना. मी तिच्या जागी असते, तर नसते जगले."

"मग तुम्ही तुम्हाला मारायचं होतं," दाभणबाई म्हणाली. "मला जगणं सुचलं होतं. मी तुम्हाला त्या दिवशी तेही सांगितलं होतं. ठकी गेल्यावर आत्याकडेच सहा महिने भिंतीकडे तोंड करून पडले, मग उठले आणि शिवणकाम शिकले. तो भाग तुम्हाला कंटाळवाणा वाटला असेल. मला नाही वाटला. या सभागृहातलं एकेक माणूस बसमध्ये मी शिवलेल्या सीटवर बसलंय. नदीत गेले असते तर तुम्ही सगळे पत्र्यावर बसला असता."

मागच्या रांगेतल्या कंडक्टर बायकांनी टाळ्या वाजवल्या. दोन-तीन माणसं उठून निघून गेली. दाभणबाई खाली बसणार होती, पण बसली नाही. 

"ठकी सायकल शिकते ती पानं मी पुष्कळदा वाचली," ती म्हणाली. "त्याबद्दल माझं भांडण नाही. ती गणितात नापास होते ते तर अगदी बरोबर आहे. माझंच पोर ते. पण लोकांना सांगू नका, की अशी बाई मरते. ती मरत नाही. मरायचं काही कारणच नसतं तिला."

आणि ती चालत बाहेर आली. घंटी मागोमाग. फाटकाबाहेर आल्यावर घंटीनं तिला पायरीवर बसवलं आणि कुठून तरी पाणी आणलं.

दोन दिवसांत गोष्ट सगळीकडे झाली. तिसऱ्या दिवशी मोठे दीर आले. ते आधी बसले, मग उठले, मग येरझाऱ्या घालायला लागले. घराण्याचं नाव, लोक काय म्हणतील, पोरीच्या सासरी काय तोंड दाखवायचं, सगळं बोलून झालं. मग धाकट्या भावाला म्हणाले, "तू नवरा आहेस ना? आवर तिला!"

नवरा खुर्चीत बसून नखं कापत होता. म्हणाला, "दादा, मी आयुष्यभर गाड्या आवरल्या. त्यांना ब्रेक असतो. हिला कुठे दाबायचं ते तूच दाखव."

दीर चहा न घेता गेले. स्वयंपाकघरात दाभणबाईनं त्यांच्यासाठी टाकलेला चहा गाळला आणि एक कप नवऱ्यापुढे ठेवला. दोघांनी मिळून तो प्यायला.

महिन्याभरानं लेखिका डेपोत आली. टायरांच्या ढिगामागची खोली शोधत, चपलांना ग्रीस लावून घेत आली आणि एका उघड्या फ्रेमवर टेकली. "माफी मागायला आलेय," ती म्हणाली. "नाव तरी बदलायला हवं होतं मी."

दाभणबाई फोम कापत होती. "नाव बदललं असतंत तर मला कळलंच नसतं. राहू द्या. इतकी वर्षं ते नाव माझ्या एकटीच्या घशात अडकलं होतं. आता निदान चार लोकांच्या तोंडी आहे."

"पुढच्या आवृत्तीत शेवट बदलू का? तुम्ही म्हणाल तसा करते."

"नको. ती बाई तुमची. तुमची बाई तुम्ही बुडवलीत. माझी मी सांभाळते." मग तिनं कात्री खाली ठेवली. "आणि पुन्हा कुणाचा हात धरलात, तर आधी सांगत जा, की मी लिहिते म्हणून."

लेखिकेनं मान डोलावली. ती आणखी थोडा वेळ तिथेच बसून राहिली. दाभणबाईनं तिला जा म्हटलं नाही आणि बस असंही म्हटलं नाही.

लेक बरेच महिने आली नाही. फोन करी, पण हवापाण्याचं बोलून ठेवून देई. दाभणबाईला ते लागलं. भाषणाच्या दिवशी लागलं नाही इतकं लागलं. पण तिनं एकदाही म्हटलं नाही, की चुकलं माझं. मग एका सुट्टीच्या दिवशी लेक दारात उभी, आणि तिच्या मागे विहीणबाई.

विहीणबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. घसा साफ केला. "मी म्हटलं हिला, मला घेऊन चल. ते सहा महिने भिंतीकडे तोंड करून पडल्याचं तुम्ही म्हणालात. मग उठलात कशा?"

दाभणबाईनं सांगितलं. आत्या रोज येऊन नुसती शेजारी बसायची आणि एक दिवस चिडून म्हणाली, उठ, माझी गादी फाटलीये, शिवून दे. ती गादी कशी वेडीवाकडी शिवली, उसवली आणि परत शिवली. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती कशी घाबरून असायची. लेक झाली तेव्हा आठवा महिना उलटेपर्यंत तिनं तिला मांडीवरून खाली कशी ठेवली नाही. हे ऐकताना लेक एकदम उठली आणि आईच्या शेजारी येऊन बसली.  आईच्या हातावरचे दाभणाचे घट्टे बोटानं चाचपत राहिली.

विहीणबाई निघताना म्हणाल्या, "पुस्तक वाचताना मला जास्त रडू आलं होतं, खरं सांगते."

"पुस्तकात बाई मरते ना," दाभणबाई म्हणाली. "जगलेल्या बाईसाठी कशाला रडायचं?"

विहीणबाईंना ते कितपत पटलं, कुणास ठाऊक. पण त्या पुढच्या महिन्यात पुन्हा आल्या.

दाभणबाई आता निवृत्त झाली आहे. तिच्या जागी दोन माणसं ठेवली आणि कोपऱ्यांच्या शिवणी तरीही उसवतात, असं घंटी येऊन सांगते आणि ती खूश होते. मध्यंतरी गुडघे दुखतात म्हणून ती नव्या डॉक्टरांकडे गेली. नवरा बरोबर होता. डॉक्टर तरुण होते, भराभरा विचारत होते. आधी कुठलं ऑपरेशन? साखर? रक्तदाब? मुलं किती?

दाभणबाईनं सवयीनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी नवरा बोलला.

"दोन," तो म्हणाला. "दोन्ही मुली. थोरली लहानपणीच गेली."